बॅटरीला शिव्या देण्याआधी

यंदाही धुकं पडलंय. सकाळी आरोग्य केंद्राचं फाटक उघडायला जाते तेव्हा समोरची तुरीची शेतं दिसत नाहीत, नुसता त्यांचा वास येतो. वाळत आलेल्या शेंगांचा, थोडा तुरट, थोडा धुळीचा. निंबर्ग्याच्या बाजूला बदली झाल्यापासून हिवाळाभर हा वास मला सोबत करतो. परवा अशाच धुक्यात आमचा लॅबवाला गाडीच्या बटणावर अंगठा दाबून उभा होता. गाडी आतून टक् टक् करायची आणि गप्प बसायची. बघणाऱ्या चौघांनी एका सुरात निकाल दिला, "बॅटरी गेली." मी म्हटलं, "मीटर लावलाव का?" चौघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गाडीचं लग्नाचं वय विचारलं.

आमच्या भागात गाडी बंद पडली की दोष बॅटरीला आणि माणूस आजारी पडलं की दोष हवेला. दोन्ही बिचाऱ्या उलटून बोलत नाहीत, म्हणून हे चालतं. मला मात्र बॅटरीवर खोटा आळ आलेला सहन होत नाही. कारण एका हिवाळ्यात तिच्यावर आळ आला होता आणि शिक्षा मला होणार होती.

तेव्हा मी बसवकल्याणला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. आमचं गाव अगदी सीमेवर. आमच्या माळवदावरून पाहिलं तर पलीकडची शेतं महाराष्ट्रातली, पण ज्वारी दोन्हीकडे सारखीच डुलते. गावात पहिली बस यायची ती चांगलं ऊन पडल्यावर, आणि वॉर्डातली ड्यूटी सुरू व्हायची त्याच्या कितीतरी आधी. म्हणून अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मोटरसायकल. अप्पांना पहाटे मोटारीला करंट आला की पाणी धरायला जावं लागायचं, त्यामुळे गाडी मीच चालवायची. शेतातल्या गाडीवाटेवर त्यांनीच मला शिकवली होती. ही गाडी त्यांनी एका रिटायर गुरुजींकडून घेतलेली, माझ्यापेक्षा थोडीच लहान. लिंगपूजा झाली की कपाळाला इबित, म्हणजे विभूती, लावून उरलेली तीन बोटं ते तिच्या टाकीवर ओढायचे. तिला शिव्या द्यायच्या त्या मात्र कन्नडमधून. मराठी तिला कळते आणि ती मनाला लावून घेते, असं त्यांचं मत होतं.

त्या पहाटा अजून अंगावर आहेत. पांढऱ्या युनिफॉर्मवर स्वेटर, स्वेटरवर अव्वाची, माझ्या आईची, शाल, हातात हातमोज्यांऐवजी पायातलेच मोजे. पापण्यांवर पाणी साचायचं. दिव्याचा पिवळा डाग रस्त्यावर पुढे पुढे पळायचा आणि मी त्याच्यामागे. मधेच कुठून तरी गुऱ्हाळाचा गोड वास यायचा, मग शेणकुटाच्या धुराचा, मग पुन्हा तुरीचा. धुक्यात माणूस डोळ्यांनी कमी आणि नाकाने जास्त चालतो. कुठलं शेत कुणाचं, कुठे वळण, कुठे नाला, मला वासावरून कळायचं. मला ती वाट फार आवडायची. गावात मी कुणाची तरी लेक होते, कॉलेजात रोल नंबर होते, आणि त्या दोन्हींच्या मधे, गाडीवर, मी फक्त सुनंदा होते.

पण आमच्या बॅटरीला दोन मालक होते. दिवसा ती गाडीत आणि रात्री तुरीत. त्या वर्षी रानडुकरांनी उच्छाद मांडला होता. एका रात्रीत तुरीच्या ओळीच्या ओळी आडव्या करायची. म्हणून अप्पांनी शेताभोवती तार ओढून झटका मशीन बसवली होती. तारेला डुकराचं नाक लागलं की हलकासा झटका बसतो आणि ते पळतं, मरत नाही. त्या मशीनची स्वतःची बॅटरी फुगून गेली, तेव्हा अप्पा संध्याकाळी सीट उघडून गाडीची बॅटरी काढायचे, पिशवीत घालून शेतात न्यायचे, आणि पहाटे मी निघायच्या आत आणून परत जोडायचे. शेजारणीकडून विरजण मागून आणावं इतकं ते सहज चालायचं. आमच्याकडे अर्ध्या गावाचं हेच. गाडीच्या बॅटरीवर फवारणीचा पंप चालतो, लग्नातला दिवा लागतो, तर डुकरं का नाही पळायची?

मार्गशीर्ष लागला आणि गाडी वाटेत मरायला लागली. आधी दिवा तांबूस व्हायचा, मग हॉर्न घसा बसल्यासारखा, मग इंजिन दोन आचके देऊन बंद. झटका मशीनच्या जुन्या चार्जरवर संध्याकाळी थोडी भरली की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या गाडीचं सगळंच बॅटरीवर, प्लगमधली ठिणगीसुद्धा. त्यामुळे बॅटरी संपली की किका मारून पाय दुखायचा, बाकी काही नाही. मग मी धुक्यात गाडी ढकलत निघायची. कधी दुधाचा टेम्पो भेटायचा, कधी उसाचा ट्रॅक्टर. कधी कुणीच नाही. वॉर्डात पोचायची तेव्हा सकाळची ड्यूटी अर्धी झालेली, बूट चिखलाचे, आणि हजेरीच्या वहीत माझ्या नावापुढे रेघ.

एक दिवस आमच्या मॅडमनी बोलावून घेतलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, "सुनंदा, हजेरी काठावर आलीय. आणखी रेघा पडल्या तर परीक्षेला बसवता येणार नाही. वर्ष जाईल." वर्ष जाणं म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक होतं. आमच्यात वर्ष गेलं की मुलगी परत येत नाही. वर्षाच्या जागी स्थळ येतं.

त्या संध्याकाळी मी अप्पांना म्हटलं, गाडीचं काहीतरी बघायला पाहिजे. अप्पांनी शांतपणे शेंगा सोलत उत्तर दिलं, "गाडीला काय झालंय? बॅटरी रातभर मशीनला ऱ्हातीया, दमतीया. तूर मळून राशी होऊस्तोवर गाडी ऱ्हाऊ दे. बसनं जा."

"बसनं गेलं तर हजेरी लागत न्हाई, अप्पा."

"मंग राशी झाल्यावर जा. तूर गेली तर परत येती का?"

"अन् वर्ष गेलं तर येतंय का?"

अप्पांनी पुढची शेंग उचलली. ते वाईट नव्हते. त्यांच्यापुढे एक बॅटरी होती आणि दोन राखणी, आणि डुकरं मॅडमपेक्षा जवळ राहत होती. मला राग आला, खूप आला. रागात मी भाकरी इतक्या जोरात थापल्या की अव्वा म्हणाली, "परात फुटंल, हळू कर."

मग गावाचे उपाय झाले. कुणी म्हणालं बॅटरी चुलीजवळ ठेवा, थंडीनं आखडलीय. कुणी उन्हात ठेवायला सांगितली. माझ्या काकांनी, म्हणजे अप्पांच्या धाकट्या भावाने, हँडलला लिंबू-मिरची बांधली आणि वर सल्ला दिला, "पोरीच्या जातीनं गाडी हाणली की असंच व्हतंय." लिंबू वाळलं, गाडी होती तशीच.

माझं डोकं वॉर्डात चालायचं तसं चालायला लागलं. बाई पांढरीफटक पडून येते, तेव्हा नुसतं रक्त चढवून घरी पाठवत नाहीत. रक्त जातंय कुठे, की अंगात तयारच होत नाही, ते बघतात. मला वाटलं, बॅटरीचंही तसंच असणार. ती दिवसभर देते. पण गाडी चालताना तिला परत भरणारं कुणीतरी इंजिनात असतंच की. ते आपलं काम करतंय का, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं. आम्ही सगळे देणाऱ्याला बोल लावत होतो.

बसवकल्याणच्या बाजारातून मी एक पिवळं मीटर आणलं. मोबाइलवर हिंदी-कन्नड व्हिडिओ बघून शिकले. इंजिनात चाक फिरतं आणि त्याच्याजवळच्या तांब्याच्या कॉइलमधे वीज तयार होते. ती वीज मागेपुढे उड्या मारणारी असते, बॅटरीला ती पचत नाही. मधे एक छोटी डबी असते, रेक्टिफायर म्हणतात तिला. ती विजेला एका दिशेने सरळ चालायला लावते आणि फार वाढू देत नाही. म्हणजे तिघांचा संसार: कॉइल कमावते, डबी सांभाळून देते, बॅटरी साठवते. घरात धान्य संपलं तर तिघांनाही विचारायला हवं. आणि विचारायची पद्धत साधी. गाडी बंद असताना बॅटरीवर मीटर लावायचं, चांगली भरलेली असेल तर साडेबाराच्या वर दाखवते. मग गाडी चालू करून रेस वाढवायची. आकडा चौदाच्या आसपास चढला तर बॅटरीला मिळतंय. चढलाच नाही, उलट उतरला, तर बॅटरीला बोलू नये, ती उपाशी आहे.

आता केंद्रात गरोदर बायका येतात, रक्त कमी, चेहरा उतरलेला. सोबतची सासू सांगते, "हिलाच अंगात दम न्हाई." मी विचारते, ही सगळ्यांच्या शेवटी जेवते का? सासू पदर सावरून उठायला लागते. तेव्हा मला हटकून ती काळी चौकोनी बॅटरी आठवते आणि मी सासूला बसवून ठेवते, उत्तर मिळेपर्यंत.

येळवस आली. वेळ अमावस्येला आमच्याकडे घराला कुलूप लागतं आणि गाव शेतात राहायला जातं. कडब्याची कोप उभी केली होती, आत पांडव म्हणून चुना लावलेले पाच दगड मांडले होते. अव्वाने भज्जी केली होती, हरभऱ्याचे सोले, वाल, गाजर, मेथी, जे जे शेतात हिरवं होतं ते सगळं एका पातेल्यात. सोबत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली आंबील. त्या दिवशी वाटेवरच्या माणसालाही हाक मारून जेवू घालायचं, नाव-गाव विचारायचं नाही. त्या दिवसाचं ऊन जगात कुठे मिळत नाही. थंडी पाठीवर आणि ऊन पोटावर घेऊन माणसं ज्वारीच्या सावलीत आडवी होतात आणि दुसऱ्यांच्या पोरांची लग्नं ठरवतात.

काकांनी आंबिलीचा दुसरा तांब्या रिकामा करून माझ्याकडे मोर्चा वळवला. "दादा, हिला आता बस म्हन घरी. राशीला मानसं मिळंनात. बॅटरी बी शेतात लागतीया. शिकली की लई."

अप्पा खाली बघून उंडा मोडत होते. मला कळलं की आज ठरणार. मी उठले, गाडी कोपेजवळ आणून उभी केली आणि सीट उघडली.

"कामून उघडायलीस?" अप्पा म्हणाले.

"तुमी म्हनताव बॅटरी मशीन खातीया. काल रातच्याला बॅटरी शेतात आलीच न्हाई. म्या घरात चार्जरला लावली हुती. पोट भरून हाय ती. आता तुमीच बगा."

मीटरच्या तारा मी बॅटरीला टेकवल्या आणि मीटर अप्पांच्या हातात दिलं. मुद्दाम त्यांच्याच हातात. माझ्या तोंडून आकडा ऐकला असता तर तो माझा आकडा झाला असता. अप्पांनी चष्मा वर करून वाचलं, "बारा... पॉइंट सात." मी किक मारली. गाडी पहिल्या किकेला चालू. दिवा लावला, रेस वाढवली.

"आता काय म्हनायलंय?"

"बारा पॉइंट तीन."

"वाढवते अजून."

"बारा पॉइंट दोन." अप्पांचा आवाज बदलला. "सुनंदा, हे तर उतरायलंय."

"चौदाला जायला पायजे हुतं, अप्पा. गाडी तिला काईच देत न्हाई. मशीनचा दोष न्हाई अन् बॅटरीचाबी न्हाई."

काका जवळ आले. आसपासच्या शेतांतली माणसंही हात पुसत आली. येळवशीला पाहुणे कमी पडत नाहीत. मला आता थांबायचं नव्हतं. कॉइलच्या तारा सोडवल्या, मीटरचं बटण दुसऱ्या खुणेवर फिरवलं आणि पुन्हा रेस दिली. रेसबरोबर आकडा भराभर चढला. म्हणजे कमावणारी ठणठणीत. मग गाडी बंद करून डबी तपासली. चांगली डबी मीटरला एका बाजूने वाट देते, उलट्या बाजूने अडवते. ही दोन्ही बाजूंनी मुकी होती. नाकाजवळ नेली तर जळक्या प्लॅस्टिकचा वास अजून तिच्यात होता.

"जळलीया," मी म्हटलं.

"कशी काय?" काकांनी विचारलं. "गाडी पडली न्हाई, पान्यात गेली न्हाई."

कशी ते मला तोवर दिसलं होतं. बॅटरीच्या दोन्ही तारा काळ्या. पूर्वीची लाल तार कधीतरी तुटली, तेव्हा घरात होती ती काळी जोडलेली. आणि फ्यूजच्या जागी फ्यूज नव्हताच, तांब्याचे दोन धागे पिळून बसवले होते. तो मधेच जळतो म्हणून अप्पांनीच ती युक्ती केलेली. फ्यूज जळतो तो आपल्याला वाचवायला, हे कुणी सांगितलंच नव्हतं. एखाद्या पहाटे, थंडीने बोटं बधिर झालेली, मला उशीर होऊ नये म्हणून घाई, आणि अंधारात बॅटरी उलटी जोडली गेली. क्षणभर धूर निघाला असेल. अप्पांनी तारा पालटल्या, गाडी चालू झाली, विषय संपला.

सगळे माझ्याकडे बघत होते. गाडी जुनी झाली, असं म्हणता आलं असतं. चारचौघांत, सणाच्या दिवशी, बापाचं नाव घ्यायचं होतं. अव्वाने मानेनेच नको म्हटलं. पण खरं कारण लपवलं असतं तर नवी डबीही त्याच वाटेने गेली असती, आणि तिच्याबरोबर माझं वर्ष.

"अप्पा, कवातरी बॅटरी उलटी लागली. दोनी तारा काळ्या हायत. फ्यूज असता तर तो जळून गेला असता, डबी वाचली असती."

काकांनी घसा खाकरला. अप्पा मीटरकडे बघत राहिले, जणू त्यात अजून काही आकडा यायचा होता. मग म्हणाले, "व्हय. वास आलता एक दिस. म्या म्हनलो, शेजारी कुनी टायर जाळायलंय." आणि ते हसले. आधी ते हसले म्हणून मग सगळे हसले.

"डबी कुठं मिळंल?"

"बसवकल्याणात न्हाई, संशय आलता म्हनून म्या आदीच विचारले. कलबुर्गीला मिळंल म्हनायलेत."

"तवर?"

"तवर बॅटरी रोज रातच्याला घरात चार्जरला लावावी लागंल. मग जाऊन येता येतंय. शेतात देता येत न्हाई."

अप्पा उठले. धोतर झटकलं, माझ्या हातात मीटर दिलं. काकांकडे वळून म्हणाले, "म्या जाळलो तर म्याच जागतो की. पोरीचं कॉलेज चालू ऱ्हाईल. तुला राशीला मानसं कमी पडली तर तूबी ये जागायला."

मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही. अव्वाने माझ्या पानात भज्जीचा आणखी एक डाव वाढला, आमच्या घरात प्रेम असंच वाढतात.

त्या संध्याकाळी मी माझी लाल नेलपॉलिश घेऊन बॅटरीचं एक टोक आणि एका तारेचं टोक रंगवलं. अव्वा म्हणाली, बॅटरीला नवरी केलीस. फ्यूज खरा बसवला. आणि अप्पा घोंगडी, बॅटरीऐवजी डुकरं हाकायला वाजवायचा एक रिकामा पत्र्याचा डबा आणि काठी घेऊन शेतात राहायला गेले.

जिद्द म्हणजे काय हे विचारलं तर मला त्या पुढच्या सकाळी आठवतात. तिच्यात गाजावाजा काही नसतो. रात्री चार्जर लावायचा, करंट गेला तर उठून बघायचं, आला की पुन्हा लावायचा. पहाटे बॅटरी मापून जायचं. वाटेत थोडं उजाडलं की दिवा बंद. सिग्नल नाही, हॉर्न नाही, जे जे थेंब खातं ते सगळं बंद. आमच्या शेताच्या बांधाजवळून रस्ता जायचा. गाडीचा आवाज ऐकून धुक्यातून अप्पांची हाक यायची, "सुनंदा, गेलीस का गं?" थंडीने आणि जागरणाने चिरलेला आवाज. मला ते दिसायचे नाहीत. ओरडून उत्तर दिलं तर इंजिनाच्या आवाजात ते पोचायचं नाही, आणि थांबून इंजिन बंद करायची हिंमत नव्हती. हॉर्न वाजवला असता, पण तेवढीही बॅटरी मी वाचवत होते. मी तशीच पुढे जायची. मागून आणखी एकदा हाक यायची, मग डब्यावर काठीचे दोन ठोके. वॉर्डात पोचायची, वेळेवर. वहीत रेघ पडायची नाही, आणि छातीत ती न दिलेली 'ओ' दिवसभर टोचायची.

डबी शेवटी काकांनी आणली. तुरीचा भाव बघायला कलबुर्गीला गेले होते, तिथे जुनी डबी हातात धरून दुकानं फिरले. माझ्या हातात पुडकं देताना म्हणाले, "हीच हाय का बग. न्हाईतर परत जातो." लिंबू-मिरची त्यांनी स्वतःच हँडलवरून सोडली.

अंगणात मी ती बसवली. लाल लालला, काळी काळीला. अप्पा दुपारचे शेतातून आले होते, डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. डुकरांनी कोपऱ्यातली थोडी तूर नेलीच होती. मीटर त्यांनीच धरलं. मी रेस दिली.

"तेरा... तेरा पॉइंट आठ... चौदा," ते म्हणाले. "चौदा पॉइंट एक. थांबलं."

"आता रातच्याला बॅटरी शेतात न्या, अप्पा. दिवसा भरून निगती."

"आजची रात ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "डबा हाय की."

दुसऱ्या दिवशी धुकं इतकं होतं की टाकीवरची इबितही दिसत नव्हती. दिवा मात्र पांढरा, भरलेला. बांध आला. हाक आली, "सुनंदा, गेलीस का गं?" मी हॉर्नवर अंगठा ठेवला, आणि आमचं शेत संपेपर्यंत काढलाच नाही.